डॉक्टरीनबाईला अख्खं दिल पायजे

भोसरीत आळंदी रोडच्या आतल्या अंगाला ज्योतीराम खाटकाचं मटनाचं दुकान हाय. बापानं टाकलं, आता तीस वर्सं झाली, त्यो बसतो. हात साफ, वजन चोख, पन जिवाला चौकशी लई. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आदी इचारपूस, मग मटन. कंची कंपनी, कंची शिफ्ट, गाव कंचं, घरात मान्सं किती. त्याची बायको सुमनताई गल्ल्यावर बसती. ती म्हनायची, "आवो, मटन इकायला बसलाय का शिरगनती करायला?"

तर गेल्या दिवाळीनंतर येक पोरगी दुकानात आली. अंगानं काटकुळी, चष्मा, पाठीला सॅक. म्हनली, "काका, बोकडाची दोन दिलं द्या. ताजी, चांगली."

दिल म्हंजी हृदय, मटनवाले त्याला दिलच म्हनत्यात. कुनी चांगलं द्या म्हनलं की ज्योतीराम मन लावून करायचा. त्यानं दोन दिलं उभी चिरली, अंगठ्यानं आतल्या रक्ताच्या गाठी काढल्या, नळाखाली लख्ख धुतली आन् पिशवीत घातली. बापानंच शिकवलेलं त्याला, न धुता दिल द्यायचं न्हाई. पोरीनं पिशवीत डोकावलं आन् तिचं तोंड एवढंसं झालं. पन पैसं दिऊन तशीच गेली.

दोन दिसांनी पुन्ना आली. ज्योतीरामनं दिल ठोकळ्यावर ठिवलं, सुरा उचलला, तशी ती वरडलीच, "काका, चिरू नका!"

"आगं, आत गाठी असत्यात. तसंच शिजवनार व्हय?"

"खायचं नाही काका. शिवायचंय."

दुकानात चार मान्सं व्हती. त्यातला येक वर्कशॉपवाला फिसकन हसला. "भावा, फाटकं दिल शिवून मिळतंय म्हन! माझंबी आनतो उद्या."

"तुजं आदी हाय का बग," सुमनताई म्हनली.

पन ज्योतीरामचा सुरा तिथंच थांबला. शिवायचं? त्यानं गिऱ्हाइकं भराभर वाटंला लावली आन् पोरीला बाकड्यावर बसवलं.

तिचं नाव उत्कर्षा, गाव उदगीर. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात हृदयाची आन् छातीची ऑपरेशनं शिकत व्हती. साधी डॉक्टरकी झालेली, त्याच्यावरची सर्जनकी झालेली, आन् त्याच्यावर ही आनखी तीन वर्सं.

"बारावीनंतर किती वर्सं झाली म्हनायची?" ज्योतीरामनं इचारलं.

"अकरा. अजून दीड राहिलंय."

"आरं बापरे! आन् लगीन?" सुमनताईनं मधीच टाकलं.

"आधी ही नळी शिवायला येऊ द्या मावशी," पोरगी हसत म्हनली. मग तिनं सांगितलं. ऑपरेशनमधी ती छाती उघडायची, मिटायची, सर सांगतील ते धरून उभी राहायची. पन हृदयातून निघनारी मोठी नळी शिवायची, ते सर सवताच करायचे. आता गुरुवारी सर परीक्षा घेनार व्हते. बोकडाच्या दिलाची नळी कापायची, पुन्ना जोडायची, आन् आत पानी दाबून सोडायचं. गळलं न्हाई, तर सोमवारी खऱ्या पेशंटला ती टाका घालनार, सर नुसते शेजारी. गळलं, तर पाळी दुसऱ्याची, हिची सहा महिन्यांनी.

"तुम्ही नळी बुडातूनच कापता काका. मला चार बोटं तरी लांब पाहिजे."

ज्योतीराम म्हनला, "त्यात काय एवढं."

पन एवढंच अवघड निघालं. दुसऱ्या दिशी दोन बोकडं केली, आन् दोन्ही येळंला हात सवयीनं सरकला, नळी बुडातून साफ. सुरा पुढं, ध्यान मागं. तिसऱ्याला त्यानं सुरा बाजूला ठिवला. फुप्फुस, दिल, कलेजी सगळं येकसंग बाहेर काढलं, नुसत्या बोटानं चाचपत नळी कुठवर जाती ते बगितलं. ती पाठीच्या कन्याच्या कडंनं पार खालपावतर गेलेली! तीस वर्सं रोज हातात असून त्याला ठाऊक नव्हतं.

बुधवारी दुपारी दुकान निवांत व्हतं. उत्कर्षा रातपाळी करून आली. ज्योतीरामनं दोन अख्खी दिलं ताटात काढून दिली. "घे. पन मला दावायचं आत काय हाय ते."

तिनं नळीतून वरनं तांब्याचं पानी वतलं. पानी आत जाईना! नळीत तसंच उभं राहिलं. ज्योतीराम वाकून बगाया लागला. आत तळाला तीन बारीक पडदे, चंद्रकोरीसारखे, येकमेकांना चिकटून गच्च मिटलेले.

"रक्त बाहेर गेलं की हे मिटतात. परत येऊ देत नाहीत," ती म्हनली.

"हितं दारं हाईत! सुमन, ये की, बग!"

"मला न्हाई बगायचं बाई," म्हनत सुमनताई आली, बगितलं, आन् मग हालंच ना.

मग पोरगी शिवाया बसली. केसावानी निळा दोरा, नखायेवढी वाकडी सुई. शिवून झालं, पिचकारीनं पानी सोडलं, तर सुईच्या भोकातनं थेंब. तिनं उसवलं, पुन्ना शिवलं. पुन्ना थेंब. तिचे डोळे भरून आले.

ज्योतीराम बराच येळ नुसता तिचा हात बगत व्हता. म्हनला, "पोरी, मला त्यातलं कळत न्हाई. पन तू सुई कोपरातनं वढतीस. सुईची भोकं रुंदावत्यात. कातडं काढताना आमी असं कोपरातनं वढलं, तर फाटतं. नुसतं मनगट फिरवायचं. सुई वाकडी हाय न्हवं? तिला तिच्या वाटंनं जाऊ दे."

"सरही हेच ओरडतात, मनगट, मनगट! पण कसं, ते कळत नव्हतं." तिनं कोपर बाकड्याला टेकवलं आन् नुसतं मनगट फिरवत शिवलं. पानी सोडलं. थेंब आला, पन येकच. दुसरं दिल तिनं परीक्षेसाठी बरफात घालून नेलं.

गुरुवारी दुकानात गिऱ्हाईक तुरळकच. ज्योतीराम सारखा फोन बगत बसलेला. संध्याकाळी येकदाचा वाजला.

"काका, नाही गळलं! सरांनी तीनदा पाणी सोडलं, एक थेंब नाही. सोमवारी मी शिवणार!"

"न्हाई गळलं!" त्यो गल्ल्याकडं बगून वरडला. सुमनताईनं दोन्ही हात जोडले. मग फोन कानाला घट्ट धरून त्यानं इचारलं, "येक सांग. शिवताना दिल हालत असंल की. कसं शिवनार?"

"नाही काका, ते थांबवतो आम्ही. तेवढा वेळ रक्त यंत्र फिरवतं."

"थांबवता? मग पुन्ना चालू कोन करतं?"

"खरं सांगू? बहुतेक वेळा आम्ही काहीच करत नाही. गरम रक्त परत आत सोडलं की ते थरथरतं, आणि आपलं आपणच चालू होतं. कधीतरीच झटका द्यावा लागतो."

थांबलेली दिलं ज्योतीरामनं हजारांनी हाताळली व्हती, पन चालू झालेलं येकबी न्हाई.

"मामा, अर्धा किलो द्या की, शिफ्ट चुकंल माझी," समोरचा पोरगा म्हनला.

"थांब रं जरा," ज्योतीराम म्हनला, आन् फोनात इचारलं, "पोरी, थरथरताना आदी वरचं हालतं का खालचं? सोमवारी नीट बग, आन् मला सांग."