केणे मॅडमचं शून्य

मेलेला पक्षी हातात आला की केणे मॅडम आधी त्याच्या छातीवर अंगठा ठेवायच्या. पिसं बाजूला सारून मधलं हाड चाचपायच्या. हाड धारेसारखं वर आलेलं असलं की म्हणायच्या, "उपाशी हाय." दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असलं तर नुसती मान हलवायच्या. मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो त्या दिवशी त्या पहिलं वाक्य बोलल्या ते हेच, "उपाशी हाय." हातात एक काळपट सुरय पक्षी होता आणि नजर माझ्याकडे होती. मीही नाश्ता न करताच आलो होतो, त्यामुळे नक्की कुणाबद्दल चाललंय हे मला थोडा वेळ कळलं नाही.

डॉक्टर हेमलता केणे समुद्रपक्ष्यांच्या शास्त्रज्ञ होत्या. गाव भिवंडीजवळचं अंजूर. आमचं ऑफिस म्हणजे त्यांच्या भावाच्या, दिनेशदादांच्या, गोदामावरची एक खोली. खाली वॉशिंग मशीनचे खोके आणि वर आम्ही. त्या जागी पूर्वी केण्यांचं भात व्हायचं. हे त्या एकदाच बोलल्या, तेही पावसात जिन्याखाली पाणी का साचतं ते सांगताना. खोलीच्या कोपऱ्यात अंबाडी नाक्यावरच्या एका बंद पडलेल्या दुकानातून आणलेला आइस्क्रीमचा फ्रीझर होता. झाकणावर मँगो कोनचं चित्र, आत पिशव्यांत घातलेले मेलेले पक्षी. नवा पाहुणा आला की हळूच झाकण उघडून बघायचाच. मॅडम कुणाला अडवायच्या नाहीत. एकदा उघडलं की माणूस परत उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

समुद्रपक्ष्यांचा आणि भिवंडीचा संबंध काय, हे मला नारपोलीत घरी दारी विचारलं जायचं. संबंध पावसाळ्याचा आहे. ऐन पावसात खोल समुद्रावर वारा पिसाळला की तिथले पक्षी भरकटत खाडीवरून आत येतात. गोदामांची ओली डांबरी अंगणं त्यांना वरून पाण्यासारखी दिसत असावीत. ते उतरतात आणि मग त्यांना उठता येत नाही. आसपासच्या सगळ्या वॉचमनकडे मॅडमचा नंबर होता. "मॅडम, आपका मेहमान आया है," एवढाच फोन यायचा, की आम्ही खोका आणि टॉवेल घेऊन रिक्षात बसायचो. पक्षी जिवंत असला तर बारकी मासळी भरवायची आणि सुधारला की बोटीने नेऊन सोडायचा. मेला असला तर अंगठा, पिशवी आणि मँगो कोन.

मॅडम रागावत क्वचितच, पण एका गोष्टीवर हटकून रागवायच्या. मी कधी बाहेरून येऊन म्हटलं की नाक्यावर रिक्षा नव्हती, तर त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "दिसली नाही म्हण. नव्हती म्हणू नकोस." पाकिटात बिस्किटं नव्हती, दिनेशदादा घरी नव्हते, लाइट नव्हती, प्रत्येक वेळी तेच. लाइटच्या बाबतीत मी एकदा वाद घातला. त्यांनी उठून मेन स्विच वर केला. त्या दिवशी ऑफिसभर पोरकट हसत फिरत होत्या. त्या मला नावाने हाक मारायच्या नाहीत, नारपोली म्हणायच्या. मला सुरुवातीला वाटायचं, ही बाई हेकट आहे. त्या हेकटपणामागचं कारण पुढे एका दुपारी समोर आलं.

त्या दुपारी समुद्रातल्या पवनचक्क्यांचा एक जाडजूड अहवाल आमच्याकडे आला. किनाऱ्यापासून लांब, भर पाण्यात पवनचक्क्या रोवायच्या होत्या आणि त्यासाठी समुद्राचा एक पट्टा नक्की झाला होता. पक्ष्यांच्या प्रकरणात लिहिलं होतं, की पावसाळ्यात या पट्ट्यात समुद्रपक्षी नसतात, त्यामुळे धोका नाही. खाली आधार दिला होता: केणे. मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. मग उठल्या आणि सगळ्यांचे चहाचे कप धुतले. धुतलेले परत धुतले.

नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते असं. वयाच्या पंचविशीत त्यांनी त्याच पट्ट्यातले पक्षी मोजले होते, एका कंपनीसाठी, मच्छीमार बोटीतून. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते, कुणी जात नाही. त्याही गेल्या नाहीत. पण कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात पावसाळ्याचे महिने होते आणि तो तक्ता रिकामा चौकोन घेत नव्हता. काहीतरी आकडा द्या म्हणत होता. त्यांनी शून्य टाकलं. पुढे सुधारायचं राहून गेलं. ते शून्य छापलं गेलं, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेलं, आणि इतक्या वर्षांनी पवनचक्क्या रोवायला निघालं होतं.

फ्रीझर कशासाठी आहे, ते मला तेव्हा कळलं. पावसाळ्यात आमच्या अंगणांत पडणारा प्रत्येक पक्षी त्या शून्याविरुद्धची साक्ष होता. पण साक्ष अपुरी होती. पक्षी नेमक्या त्याच पट्ट्यातून आला हे फ्रीझरमधला पक्षी सांगू शकत नव्हता. त्यासाठी मोठं जहाज घेऊन भर पावसात तिथे जाऊन मोजायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणी जहाज देत नव्हतं. शून्य लिहिलेलं असताना कोण देईल?

माझे पप्पा या सगळ्यावर वैतागलेले असायचे. त्यांचे नारपोलीत कापड विणायचे लूम आहेत. लाइट गेली की लूम बंद आणि पप्पांचं तोंड चालू. वाऱ्यावर वीज होणार आणि तुम्ही पाखरं मोजत बसलात, हे त्यांचं पालुपद. मॅडम एकदा आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हा पप्पांनी ते तोंडावर ऐकवलं. मॅडम शांतपणे जेवत होत्या. म्हणाल्या, "काका, पवनचक्की मलापण पाहिजे. आमच्या घरात पंखा नाही का? फक्त पाखरांच्या वाटेत नको. तुमच्या लूमच्या मधोमध कुणी खांब रोवला, तर चालेल?" पप्पांनी त्यांना आणखी एक पोळी वाढली. पटलं म्हणून वाढली की वाद नको म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

पवनचक्क्यांच्या जागेवर हरकती ऐकायला मुंबईत समितीची बैठक झाली. मॅडमनी अंगणांतल्या पक्ष्यांची माहिती मांडली. पवनचक्क्यांच्या कंपनीच्या बाजूने एक तरुण इंजिनिअर होता, अगदी सभ्य मुलगा. तो आदबीने म्हणाला, की मॅडम, आम्ही तर तुमचाच आकडा धरलाय. सगळे मॅडमकडे बघायला लागले. तेव्हा तंत्राच्या नावावर, जुन्या कॉम्प्युटरच्या नावावर ढकलून त्यांना सहज सुटता आलं असतं. मी शेजारी बसून मनात तेच वाक्य जुळवत होतो.

त्या उभ्या राहिल्या. "तो आकडा माझा आहे आणि तो खोटा आहे," त्या म्हणाल्या. "समुद्र रिकामा नव्हता. मी गेले नव्हते."

समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, मग तुमचे बाकीचे आकडे तरी खरे कशावरून? मॅडम म्हणाल्या, "तपासा. सगळे तपासा."

आणि ते खरोखर तपासले गेले. त्यांची आयुष्यभराची कामं काढून चाळली गेली. तोवर दोन ठिकाणची बोलावणी रद्द झाली, ओळखीच्या लोकांनी फोन घेणं बंद केलं. दिनेशदादा चिडून म्हणाले, "कशाला बोललीस गो? कुनाला कलला नसता." त्या पावसाळ्यात मॅडम नेहमीसारख्या टॉवेल घेऊन रिक्षात बसत होत्या. मला त्यांच्याबद्दल खूप काही वाटायला हवं होतं. पण त्या इतक्या सपाट चेहऱ्याने काम करत होत्या, की मीही तसाच झालो. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, जेवायचं, घरी जायचं.

अखेर समितीचं उत्तर आलं. बाकीच्या कामात खोट सापडली नव्हती. पावसाळ्यातली मोजणी होईपर्यंत तो पट्टा कुणालाही द्यायचा नाही, असं ठरलं होतं, आणि मोजणी आमच्याकडेच सोपवली होती. जहाज मिळणार होतं. मॅडमनी पत्र वाचून पोटाला हात लावला आणि जरा दुखतंय म्हणाल्या. पोट त्यांचं महिनाभर दुखत होतं. आजार शेवटच्या टप्प्यात पोचला होता, हे तपासण्या झाल्यावर कळलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये मी शेवटचा भेटलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मी जहाजाबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ऐकता ऐकता स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर अंगठा ठेवला, दाबून बघितला, आणि म्हणाल्या, "उपाशी हाय." मग म्हणाल्या, "गेलास की मोज. गेला नाहीस तर चौकोन रिकामा सोड. भांडण कर, पण रिकामा सोड." मी हो म्हटलं. उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्या.

मला रडू आलं नाही. अंत्ययात्रेत नाही, नंतर ऑफिस उघडलं तेव्हाही नाही. मी फ्रीझर साफ केला, बर्फ खरवडला, पिशव्या परत लावल्या. लोक माझ्याकडे बघून धीराचा आहेस म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता, आत नुसतं बधिर होतं.

दहावा अंजूरला खाडीच्या काठावर झाला. भटजींनी पिंड मांडले आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे समोरच गोदामांच्या पत्र्यावर बसले होते, पण उतरेनात. ऊन चढत गेलं. बायाबापड्या कुजबुजायला लागल्या, की हिचा जीव कशात तरी अडकलाय. दिनेशदादा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "हेमे, आपल्या म्हाताऱ्या आयला मी बगीन. तू काय मनात ठेवू नको." कावळा आला नाही. मग दादांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या गावाने.

मी पुढे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, "मॅडम, पावसात जहाज जाईल. मी जाईन."

आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. एक कावळा पत्र्याच्या कडेपर्यंत आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत फिरला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. परतताना म्हाताऱ्या हळहळत होत्या, की पोरीची इच्छा राहिली. दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून रिक्षापर्यंत आले.

घरी पोचलो तेव्हा लूम चालू होते. पप्पांनी मला दारात बघितलं आणि जवळचा लूम बंद केला. गावातून कुणाचा तरी फोन आला असणार, कारण त्यांना आधीच कळलेलं होतं. हळूच म्हणाले, "कावळा आला नाही म्हणे."

"आम्हाला दिसला नाही, पप्पा," मी म्हणालो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.