बांबूचा चिमटा

सेंदाईच्या विद्यापीठात चुंबकांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या दारावर ब्रशने लिहिलेली पाटी होती: ‘लोखंड बाहेर ठेवा.’ ओनोदेरा तामोत्सु यांनी ती तिशीत असताना लिहिली होती. पट्ट्याचं बकलसुद्धा नको म्हणून ते पट्टा दाराबाहेरच्या खुंटीला अडकवत आणि दिवसभर एका हाताने पँट सावरत वावरत. विद्यार्थी हसत, आणि महिन्याभरात स्वतःही पट्टा काढायला लागत.

अठराव्या वर्षी केसेन्नुमाच्या बंदरावरून ते इथे आले. वडील मासेमारीच्या बोटीवर होते. मुलाला मात्र बोट लागायची. बेचाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. प्राध्यापक सांगतील तो धातू वितळवायचा, त्याचा नखाएवढा तुकडा किंवा काचेवर पातळ थर करायचा आणि मोजणाऱ्याच्या हाती द्यायचा. उचलायला चिमटा बांबूचा. पोलादी चिमट्याने नुसतं धरलं तरी लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा कण चिकटतो, आणि यंत्र त्या कणालाच चुंबक समजतं. दर डिसेंबरात ओनोदेरा घरामागचा बांबू तोडत, धुरावर सुकवत आणि चिमटे तासत. नव्या विद्यार्थ्याला त्याचं नाव डागलेला चिमटा मिळे.

शोधनिबंधावर त्यांचं नाव कधी नसे. ते येई शेवटी, आभाराच्या ओळीत: ‘नमुने तयार केल्याबद्दल ओनोदेरा यांचे आभार.’ त्यांची बायको फुसाए ती ओळ कात्रीने कापून एका वहीत चिकटवी. अशा त्र्याहत्तर ओळी झाल्या होत्या.

निवृत्तीच्या वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक हागिवारा सेन्सेई यांनी त्यांना बोलावून घेतलं. “यंदा तुमचं नाव लेखकांत टाकतोय. तिसरं. नाही म्हणू नका.”

निबंध मोठा होता. ज्यात लोखंडाचा अंशही नाही असा एक थर साध्या खोलीच्या उबेत चुंबकासारखा वागतो, असा त्यांचा दावा होता. मोजमापं तोगाशी सानाए या विद्यार्थिनीची. ती त्सुरुओकाच्या तोफू करणाऱ्याची मुलगी, सहा वर्षं त्याच खोलीत घासलेली. या निबंधावर तिला त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत जागा मिळायची होती. निबंध उन्हाळ्यात छापून आला. फुसाए मार्चमध्येच गेली होती. ओनोदेरांनी तो कापला नाही, चिकटवला नाही. कात्री तिची होती.

ऑक्टोबरात चुंबकत्वाची आंतरराष्ट्रीय परिषद शहरातच भरली. मंगळवारी दुपारी प्रत्येकाने आपापल्या भित्तिपत्रकापाशी दोन तास उभं राहायचं होतं. ओनोदेरा आयुष्यात पहिल्यांदाच असे उभे होते.

“ओनोदेरासान, हा टाय आहे की बोटीचा दोर?” सानाए म्हणाली.

“फुसाए बांधायची. मला दोराचीच गाठ येते.”

“इकडे या. मान वर करा. हं, आता दिसताय लेखकासारखे.”

तेवढ्यात नेदरलँड्सचे एक उंच, वाकलेले गृहस्थ पत्रकासमोर थांबले. बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी अगदी सौम्यपणे काहीतरी विचारलं. सानाएने जपानीत सांगितलं, “म्हणतायत, आम्ही असे अकरा थर केले, एकातही काही दिसलं नाही. तुम्ही ते धरता कसे?” आणि ओनोदेरांची वाट न बघता तिने खिशातून आपला बांबूचा चिमटा काढून त्यांना दाखवला. गृहस्थ मनापासून हसले आणि ओनोदेरांपुढे मान लववली. ओनोदेरांनीही लववली.

मान खाली असतानाच त्यांना आपला हात दिसला. मार्चमधला.

त्या दिवशी चिमट्याचं टोक चिरलं होतं. त्याच वेळी इस्पितळातून फोन आला, ताबडतोब या. एकच थर उचलून डबीत ठेवायचा राहिला होता. दाराबाहेर खोके फोडायच्या सामानात पोलादी चिमटा पडला होता. त्यांनी त्याने थराचा कोपरा धरला, डबीत ठेवला, झाकण लावलं आणि धावले. फुसाए ते पोचण्याआधी वीस मिनिटं गेली होती. त्यानंतर त्या दिवसातलं दुसरं काही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

सगळ्यांत जोरदार आकडे, ज्यांवर निबंधाचा दावा उभा होता, ते आले होते त्याच डबीतल्या थराचे.

बुधवारी सकाळी सगळे परिषदेला गेल्यावर त्यांनी तो थर काढला, कोपरा आम्लाने पुसला आणि यंत्रात ठेवला. पडद्यावर पूर्वी फुगीर वळसा यायचा, तिथे सरळ रेघ आली: चुंबकत्व नाहीच. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा रेघ.

हागिवारा सेन्सेईंनी दोन्ही मोजमापांचे कागद पाहिले आणि उलटे करून टेबलावर ठेवले. “उद्या तोगाशीचं भाषण आहे. परिषद संपू दे. मग शांतपणे बघू.”

“सेन्सेई, ती उद्या चारशे लोकांसमोर उभी राहील.”

“तुम्ही आता निवृत्त आहात, ओनोदेरासान. तिला अजून नोकरी लागायचीय.”

ते खरंच होतं. तरीही ओनोदेरा परिषदेच्या इमारतीत गेले. सानाए जिन्याखाली बसून भाषण पाठ करत होती. त्यांनी कागद तिच्या मांडीवर ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ती रेघेकडे बघत राहिली.

“आजच कशाला सांगितलंत?” ती म्हणाली. “भाषण झाल्यावर सांगायचंत. नाहीतर मार्चमध्ये. आजच का?”

“आठवलं काल.”

“पाटी तुम्हीच लावलीत ना? पहिल्याच आठवड्यात मी स्टीलचं घड्याळ घालून आले, तर तासभर दाराबाहेर उभं केलंत मला!” तिचा आवाज फाटला. “जा तुम्ही. प्लीज, जा.”

गुरुवारी सकाळी सभागृहाच्या दारावरच्या यादीत दहा चाळीसच्या भाषणावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती: रद्द. अक्षर सानाएचं होतं. सेन्सेई आले नव्हते. अशा वेळी पुढचं भाषण अलीकडे ओढत नाहीत; वेळ बघून येणारे चुकू नयेत म्हणून पंधरा मिनिटं व्यासपीठ रिकामं ठेवतात. काही जण कॉफीला उठले. ओनोदेरा मागच्या रांगेत बसून राहिले.

ठेंगणीशी एक बाई घाईघाईने आत आली, हातात जांभळ्या रुमालात बांधलेला खोका. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

“सुरू नाही ना झालं? पहाटेची बस पकडली हो, तरी डोंगरात धुकं. तोगाशीची आई मी.”

“मी ओनोदेरा.”

“अगं बाई! तुम्हीच का ते?” तिने वाकून वाकून नमस्कार केले. “फोनवर सगळं तुमचंच असतं. ओनोदेरासान असं म्हणाले नि तसं म्हणाले. तिचे वडील म्हणतात, आपण बाप कशाला झालो!” तिने खोका त्यांच्या मांडीवर ठेवला. “घरचा तळलेला तोफू. मला इंग्रजी येत नाही, पण ती उभी राहिलेली तर दिसेल.”

“तिने फोन केला नाही?”

“केला असेल. पिशवीच्या तळाशी असतो तो, बंद. कधी येणार ती?”

ओनोदेरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “ती येणार नाही. भाषण रद्द झालंय. तिची काही चूक नाही. चूक माझी. मी थर पोलादी चिमट्याने धरला.”

तिला चिमट्याचं काय कळणार. पण तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. “आणि त्सुकुबा?”

“मला वाटत नाही आता.”

रिकाम्या व्यासपीठावर कुणीतरी पाण्याचा पेला बदलून गेलं. मग ती उठली, त्यांच्या मांडीवरचा खोका उचलला, रुमालाची सैल झालेली गाठ आवळली आणि मुलीला शोधायला बाहेर गेली.

पुढचा वक्ता आला. ओनोदेरा भाषण संपेपर्यंत बसले. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळलं नाही.

फेब्रुवारीत निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली. चार ओळी, खाली चार नावं, तिसरं त्यांचं. तोवर सानाए त्सुरुओकाला परतली होती. वडिलांच्या तोफूसाठी पहाटे सोयाबीन भिजवते, एवढंच कानावर आलं होतं. त्यांनी पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नव्हतं.

ओनोदेरांनी फुसाएची कात्री काढली. उन्हाळ्यातल्या निबंधाचं नावांचं पान कापलं, सूचनाही कापली, आणि वहीत त्र्याहत्तराव्या ओळीनंतर दोन्ही शेजारी शेजारी चिकटवली. खळ वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

मधल्या डिसेंबरात त्यांनी बांबू तोडला नव्हता.