गाठीचं पाणी

मंगल आटपाडी आगारात कंडक्टर. सकाळची सांगली गाडी तिची. आवाज असा खणखणीत, की मागच्या बाकावर घोरणारा माणूसही "चला भिवघाट!" ऐकून पिशवीसकट उभा राहायचा.

चाळिशी जवळ आली आणि पाळीनं तिला धरलं. आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. खाकी कपड्यांवर डाग उमटेल या धास्तीनं ती बसायचीच नाही, दांडीला धरून उभी राहायची. तासगाव येईपर्यंत जीव टांगणीला. ड्रायव्हर अर्जुना वयानं थोरला. त्यानं ओळखलं होतं, पण बोलला कधी नाही. तासगाव स्टँडवर चहाचं निमित्त काढायचा आणि गाडी जरा जास्त थांबवायचा, एवढंच.

एका सकाळी तिकीट देता देता मंगल खाली बसली ती उठलीच नाही. अर्जुनानं प्रवाशांसकट गाडी वळवली आणि सरकारी दवाखान्याच्या दारात उभी केली. एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही.

अंगात रक्त निम्मंच उरलं होतं. रक्त चढवलं, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात मोसंबीएवढी गाठ निघाली. गाठ साधी वाटत होती, तरी गावातले डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल."

घरीही तोच सूर. सासू सुलाबाई म्हणाली, "पोरगी कालेजात गेली. आता त्या पिशवीचं काय काम? थोरलीची काढलीच की."

थोरली म्हणजे जाऊ चंद्राबाई. तिची पिशवी तिशीतच काढली होती, अंडाशयांसकट. तेव्हापासून तिला भर थंडीत घाम फुटायचा आणि गुडघे धरून ती जिना चढायची.

"दाढ दुखली म्हणून जबडा काढत्यात व्हय?" मंगल म्हणाली. "मी दुसरीकडं इचारणार."

नवरा हरिबा तिला मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी केली, एमआरआय काढला. कॅन्सर नाही याची खात्री करून मग त्या निवांत बोलल्या. दुर्बिणीतून नुसती गाठ काढता येते. किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालायची आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत वाळूसारखे कण सोडायचे. गाठ हळूहळू आकसते, गर्भाशय जागेवर राहतं.

हरिबाची डाळिंबाची बाग. त्याला लगेच उमगलं. "म्हंजे गाठीचं ड्रीप बंद करायचं."

बाई हसल्या. "तसंच. पण गाठ पुरती जाईलच असं नाही. काहींना पुढं परत उपचार लागतात. आणि पुढं मूल हवं असेल तर आपण वेगळा विचार करू."

"मूल नगं," मंगल म्हणाली. "पिशवी ऱ्हाऊ दे."

तिनं नळीचा उपचार निवडला. सोबतीला चंद्राबाई गेली. मंगलला भूल देऊन झोपवलं नव्हतं. डॉक्टर पडद्याकडं बघत काम करत होते आणि ती छताकडं बघत पडून होती. पोटावर चिरा नाही, टाका नाही. त्रास झाला तो नंतर. ओटीपोटात असे पिळे पडले, की तिनं चंद्राबाईचं मनगट लाल करून सोडलं. इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी कळ ओसरली.

मनगट चोळत चंद्राबाई म्हणाली, "तुला त्यांनी इचारलं, मंगल. काय करायचं म्हणून."

"व्हय."

"मला कुनी इचारलंच न्हाई. सह्या ह्यांनी केल्या. मी उठले तवा सगळं झालंवतं."

मंगलनं पाणी मागितलं, आणि चंद्राबाईनं ते दिलं.

घरी आल्यावर आठवडाभर कणकण राहिली, मग ती कामावर रुजू झाली. पुढच्या सोनोग्राफीत गाठ लिंबाएवढी दिसली. पाळी अजून येते, पण चार दिवसांत आटोपते. सुलाबाईला हा उपचार आजही पटलेला नाही. गाठ आत ठेवून कुणी बरं होतं का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते.

चंद्राबाई गेल्या महिन्यात एकटीच सांगलीला हाडांच्या डॉक्टरकडं निघाली. गाडी मंगलचीच होती. तिनं चंद्राबाईला पुढच्या बाकावर खिडकीशी बसवलं, आणि रिकामी जागा होती म्हणून तासगावपर्यंत स्वतःही तिच्या शेजारी बसली.