सासऱ्यांनी वाचवलेली होडी

होडी तरंगायला हवी असेल तर ती आधी बुडवावी लागते. हे एक वाक्य मी घरात वेळेवर बोलले असते, तर माझे सासरे भर कार्यक्रमात क्षिप्रा नदीत बसले नसते.

माझं माहेर देवगडकडचं, सासर उज्जैनचं. बाबा होड्या बांधतात. म्हणजे बांधायचे. आता किनाऱ्यावर सगळ्या फायबरच्या होड्या, आणि बाबांचे हात थरथरतात. उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींनी कोकणावर कार्यक्रम ठरवला, तेव्हा सासरे चारचौघांत बोलून बसले, की आमच्या सूनबाईंच्या माहेरची खरी होडी आणू! बाबांनी अंगणातली शेवटची छोटी होडी आंब्याच्या ट्रकवर चढवून दिली. ती घाटावर तरंगताना त्यांना फोनवर बघायची होती. बाकी काही मागणं नव्हतं.

होडी आली ती माळव्याच्या भर उन्हाळ्यात. फळ्या अशा आकसलेल्या, की फटीतून पलीकडचा टेम्पोवाला दिसत होता. उपाय मला ठाऊक होता: दगड भरून होडी काही दिवस पाण्याखाली ठेवायची. लाकूड फुगतं, फटी मिटतात. पण सासरी सगळे बँकेतले आणि शाळेतले, आणि मी सातवीत शाळा सोडलेली. (सासऱ्यांनी त्यावरून कधी चकार शब्द काढला नाही. त्याचंच दडपण जास्त!) त्यांनी कौतुकानं मागवलेली होडी मी बुडवतेय, हे सांगू कशी? टेम्पो परस्पर गावाबाहेर भैरवगढला नेला, होडी गुपचूप नदीत बुडवली, आणि घरी सांगितलं, "ठेवलीय पाण्यात."

दुसऱ्याच दिवशी तिथल्या ओळखीच्या कापडछपाईवाल्या चाचांनी सासऱ्यांना फोन केला, की बहू की नाव डूब गई. सासरे आणि माझा नवरा धावले. चाचांच्या चादरींचे दोर करून होडी बाहेर ओढली, त्यांच्याच अंगणात कडकडीत वाळवली, फटींत त्यांच्या बाटिक छपाईचं मेण भरलं, वरून रंग दिला. मला मात्र कुणी पत्ता लागू दिला नाही. माहेरची चीज आहे, पोरगी परेशान होईल, अशी सासऱ्यांची सक्त ताकीद होती.

कार्यक्रमाच्या सकाळी नवऱ्यानं परस्पर घाटावर आणलेली होडी नवरीसारखी चमकत होती. मी नवऱ्याला म्हटलं, लाकूड किती छान फुगलंय. त्याला खोकल्याची उबळ आली.

सासरे पूर्वजांची पगडी घालून होडीत बसले. होडी तरंगली. फोनमध्ये बाबा डोळे पुसत होते. मग सासरे नमस्कारासाठी जरा वळले, फळ्या हलल्या आणि मेणाला तडे गेले. बाटिकच्या कापडावर अशा तड्यांची नक्षी उमटते. होडीत कारंजी उडतात.

"सूनबाई," सासरे शांतपणे म्हणाले, "पाणी आत येतंय. हे प्रोग्राममध्ये आहे ना?"

"भिजत घातलं नाय काय गो तिका?" फोनमधून बाबा.

"घातली होती, बाबा."

"ती बुडली होती," नवरा पुटपुटला. "आम्ही काढली. वाळवली पण."

मला वाटलं, संपलं सगळं, बाबांची शेवटची होडी मी घालवली. आणि मग ते इतके हसले, की फोन हातातून पडला आणि आम्हाला नुसते माडांचे शेंडे दिसू लागले. तिथूनच आवाज आला, "बुडांदे आता! रवांदे थंयच!"

कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. फळ्या कशा जुळवतात, फटीत तेलातला कापूस कसा ठोकतात, लाकूड पाणी का पितं, सगळं सांगितलं. घाटाजवळचं उथळ पाणी, त्यामुळे सासरे बुडालेल्या होडीत कंबरभर बसूनच ऐकत होते. उठा म्हटलं तर म्हणाले, "तू बोल. मी कुठे जातोय?"

होडी तशीच पाण्यात राहू दिली. ती खरोखर फुगली आणि आता झकास तरंगते. लोक बघायला येतात, मी माहिती सांगते. आधी सासरे माझी ओळख करून देतात: "आमच्या सूनबाई. होडी बुडवण्यात यांचा हात कुणी धरणार नाही."

खोटं काय त्यात? तरंगवण्याचं कसब बाबांचं. माझ्या वाट्याला वारसा आला तो बुडवण्याचाच.