सलीमभाईंचं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता लिहून टाकते.

मी हदगावची. नोकरीसाठी दूर गेले. अणुभट्टीत वापरून बाहेर काढलेल्या इंधनाच्या कांड्या पाण्याच्या हौदात ठेवतात. त्या फार जवळ आल्या तर विखंडनाची साखळी पुन्हा पेटू शकते. किती अंतर ठेवायचं, ते आम्ही गणितानं काढायचो. चुकलं तर? हौदाशी उभ्या माणसाच्या जिवावर बेतायचं.

माझ्याच खोलीत सलीमभाई बसायचे. लातूरचे. सुट्टीवरून येताना माझ्यासाठीही तूरडाळ आणायचे.

एकदा काही देशांनी मिळून ठरवलं – एकच गणित सगळ्यांनी आपापलं सोडवायचं, मग उत्तरं ताडून बघायची. जुळो न जुळो, आलेलं प्रत्येक उत्तर पाठवायचं. चूक सापडावी म्हणून तर सगळा खटाटोप! आमच्याकडून पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

माझं उत्तर सुरक्षित आलं. सलीमभाईंचं धोक्याकडे झुकलेलं. मी कांडी सगळीकडे सारखीच जळाली असं धरलं होतं. ते म्हणाले, "ताई, चुलीतलं लाकूड बघितलं न्हाई का? मदलं जळतंय अन् टोकं कच्ची राहतेत." म्हणजे टोकांत न जळालेलं इंधन उरतं, आणि साखळी तिथून पेटू शकते.

त्यांचं गणित मी तीनदा तपासलं. चूक नव्हती.

मग त्यांचं उत्तर मी का नाही पाठवलं? बाहेरच्या देशांची पहिली, तात्पुरती उत्तरं आली, ती माझ्या उत्तराशी जुळत होती. आणि उत्तरं ताडायच्या परदेशातल्या बैठकीला आमच्यातल्या एकालाच जायला मिळणार होतं – मला जायचं होतं. साहेबांनी विचारलं, हे दुसरं उत्तर कसलं? मी म्हणाले, "सलीमभाईंची चूक झाली, सर."

एवढंच. त्यांना त्या कामातून काढलं. वर्षभरात नोकरी सोडून ते लातूरला परतले.

बैठकीला मी गेले. तिथं दुसऱ्या देशाच्या एका बाईंनी कच्च्या टोकांचा मुद्दा मांडला. उत्तर जवळपास सलीमभाईंचंच! सगळ्यांनी गणिताची रीत बदलायचं मान्य केलं. तेव्हा तरी उठून बोलायचं ना? मी – मी खाली मान घालून वहीत उतरवून घेत राहिले.

पुढं दुष्काळात लातूरला जाणं झालं. लातूर जिल्हा नुकताच झालेला, कचेऱ्यांवर ताज्या पाट्या, नाक्यानाक्यावर टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. सलीमभाई शिकवणी घेत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "ताई, माझं चुकलं कुठं? लई खेपा करून पाहिलं. सापडंना."

सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"शेवटच्या पायरीत काहीतरी होतं," मी म्हणाले. "आता आठवत नाही."

"हाव, असंल," ते म्हणाले, आणि फडक्यानं फळा पुसू लागले.

सलीमभाई आता नाहीत. त्यांचं उत्तर बरोबर होतं. साहेबांसमोर तोंड उघडलं, तेव्हाही मला ते माहीत होतं.