चार विसा आणि दहा

१७६१ च्या जानेवारीत, सेंट लॉरेन्स नदी गोठलेली असताना, प्रिस्क दांदोनो यांना गव्हर्नरांच्या कचेरीचे बोलावणे आले. प्रिस्क शेतकरी, गावच्या राखीव पलटणीचे कप्तान म्हणून सरकारी हुकूम ऐकून ते गावाला सांगणे हे त्यांचे काम. लिहिता-वाचता येत नव्हते, पण ऐकलेले कधी विसरत नसत. इंग्रजांनी फ्रेंचांकडून मुलूख जिंकल्यावरही त्यांचे पद टिकले होते.

छावणीसाठी गव्हर्नरांनी तोंडी हुकूम देऊन जळणाच्या नव्वद राशी मागितल्या होत्या, पोचल्या चाळीस. सैनिक गारठले. हुकूम मोडल्याची शिक्षा तुरुंग. निघताना बायको उर्स्यूल म्हणाली, "खरं तेच सांगा. खोटं बोललात की आधी तुमचे कान लाल होतात."

गव्हर्नर कर्नल मारांदा इंग्रज नव्हते. जन्म स्वित्झर्लंडच्या डोंगरातला. विसाव्या वर्षी घर सोडून ते पगारी शिपाईगिरीला लागले, तीन राजांच्या फौजांत लढले, आणि चौथ्याने, म्हणजे इंग्लंडच्या राजाने, त्यांना या जिल्ह्याचा लष्करी कारभार दिला. ते फ्रेंच बोलत, त्यामुळे गावाला दुभाष्या लागत नसे.

याला आत टाका, ही माणसे लबाडच, असे शेजारी बसलेल्या मेजरचे म्हणणे पडले. मारांदांनी त्याला थांबवून प्रिस्कना विचारले, "मी किती राशी सांगितल्या होत्या?"

"कारांत, साहेब. चाळीस."

"मी नोनांत म्हणालो होतो."

"असा आकडाच नाही, साहेब."

मेजर हसला. मारांदांनी प्रिस्कना साठापासून पुढे दहा-दहाने मोजायला सांगितले.

"साठ, साठ नि दहा, चार विसा, चार विसा नि दहा..."

"थांबा." मारांदा म्हणाले. "चूक माझी. आमच्या गावी नव्वदला नोनांतच म्हणतात, तुम्हाला ते कारांत ऐकू आलं. तीस वर्षं चार राजांची भाकरी खाल्ली, पण मोजतो अजून आईनं शिकवलं तसं."

कप्तानाचा दोष नाही, असे त्यांनी मेजरकडूनच लिहून घेतले. उरलेल्या पन्नास राशींना बर्फ फुटेपर्यंत मुदत दिली. प्रिस्कनी हे चर्चच्या दारात सांगितले, तेव्हा लोक नोनांतवर पोट धरून हसले, आणि मुदतीच्या कितीतरी आधी त्रेपन्न राशी पोचवून आले.

नंतर प्रिस्कनी पाद्रींना गव्हर्नरांसाठी प्रार्थना करायची विनंती केली. ते तर प्रोटेस्टंट, आपण कॅथलिक, पाद्री म्हणाले.

"मग नाव घेऊ नका, फादर. देवाला कळेल."

पाद्रींनी पुष्कळ विचार केला. रविवारी त्यांनी प्रार्थना केली ती आपली चूक कबूल करणाऱ्या एका परक्या माणसासाठी. सगळे गाव गुडघे टेकून होते.