शेवटच्या पानांना पिना

शेख सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात त्यांनीच लिहिलेला कोड वाचत होतो. त्या संध्याकाळी शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. पहिल्यांदा... दर ईदला ते बोलवायचे आणि दर ईदला मला ताप यायचा. मी नववीत शाळा सोडलेला, पार गडचिरोलीकडचा. शिकलेल्यांच्या घरात कुठं बसायचं, काय बोलायचं, याचीच धास्ती.

ऑफिसात मी टायपिंगला लागलो होतो. प्रोग्रॅम लिहायला सरांनी शिकवलं. डबा खाताना मात्र विषय रहस्यकथांचा. मला उत्कंठा सोसत नाही, म्हणून शेवटचं पान आधी वाचतो, हे कळल्यावर म्हणाले, "वा! लग्नातही थेट हात धुवायलाच जात असशील." शेवटी कुठूनतरी नवाच खुनी उपटला की ते भयंकर चिडत. सगळं आधीच्या पानांतूनच निघालं पाहिजे, हा हट्ट.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही कोड लिहायची पद्धतही त्यांनी तशीच समजावली. "फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा. त्याला जे दिलं, त्यावरूनच उत्तर. तेच दिलं की तेच उत्तर. बाहेरच्या कशाला हात लावायचा नाही. जुनं बदलायचं नाही, नवं तयार करायचं. म्हणजे एकेक तुकडा सुटा तपासता येतो. तुझ्या पाठीमागे कुणी काही बदलत नाही. अरे, घाबरटांसाठीच आहे हे!" आणि खरंच, इथं हात लावला तर तिकडं काय मोडेल, ही माझी धडधड तेव्हापासून कमी झाली. गावाकडचं घर आज त्याच कामावर चालतं.

मला कादंबरी देताना ते शेवटच्या पानांना स्टेपलरच्या पिना मारून द्यायचे. मी त्या नखानं उचकटायचो. भोकं पाहून म्हणायचे, "पुरावा सोडलास."

त्या संध्याकाळी मी दाराशीच उभा होतो. सरांच्या पत्नीनं, भाभींनी, नाव विचारलं आणि आत नेलं. फळीवर कादंबऱ्यांची एक वेगळी रांग, प्रत्येकीची शेवटची पानं पिनांनी बंद. "तुमच्यासाठीच लावून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, घरी येईल तेव्हा स्वतः निवडेल." इतके दिवस आला का नाहीत, असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं. मला मान वर करवेना...

एक आणलीय. डबा खाताना वाचतो, पहिल्या पानापासून, क्रमानं. काल पिनांपाशी पोचलो. त्यांवरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटलं. ही संपली की दुसरीसाठी त्या घरी जावं लागेल. भाभींनी दार उघडल्यावर काय बोलायचं, ते अजून ठरत नाही.